चाक थांबलें म्हणजे राग कोणावर?

(एका खेडेगांवच्या सभेंत तेथील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आज बोलण्यासाठीं घेतलेला विषय पोथींतला नाहीं, फाट्यावरचा आहे. एस. टी. चा संप झाला म्हणजे आपण फाट्यावर उभे राहून कोणाला तरी शिव्या देतों. कोणी ड्रायव्हर-कंडक्टरांना देतो, कोणी मंत्र्यांना देतो, कोणी युनियनच्या पुढाऱ्यांना देतो. शिवीला पैसा पडत नाहीं, म्हणून ती सोपी. पण शिवी देण्यापूर्वीं संप म्हणजे काय, युनियन म्हणजे काय आणि आपल्या घराचा त्या दोहोंशीं संबंध काय, हें समजून घ्यावें, एवढेंच माझें मागणें आहे. मी मास्तर आहें. फळ्यावर हिशेब मांडून दाखवितों. उत्तर तुम्ही काढा.

प्रथम ही गाडी कोणाची, तें पाहूं. १ जून १९४८ रोजीं पुणें आणि अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, यांच्या दरम्यान पहिली एस. टी. धांवली. आज महाराष्ट्रांत तिचीं अडीचशे आगारें आहेत. कोरोनाच्या सांथीपूर्वीं रोज साठ लाखांहून अधिक माणसें तिच्यांतून जात-येत होतीं. तिचें ब्रीदवाक्य आहे, 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय'. श्रीमंताच्या दारांत मोटार उभी असते. त्याला ब्रीदाची गरज नाहीं. तालुक्याला डोळे दाखवायला निघालेला म्हातारा, बाजाराला निघालेली माळीण, टोपल्यांचा भारा घेऊन चढणारा बुरूड, आणि पांच कोसांवरच्या हायस्कुलांत जाणारी पोरगी, हेच तिचे धनी. मुलींना शाळेसाठीं अहिल्याबाई होळकर योजनेंतून पास फुकट मिळतो. ज्या गांवाला हायस्कूल नाहीं, त्या गांवच्या मुलीचें शिक्षण त्या पासावर चालतें. गाडी बंद झाली कीं मुलगा कोणाच्या तरी फटफटीवर मागें बसून जातो, मुलीला मात्र घरचे म्हणतात, "राहूं दे आतां, गाडी सुरू झाली म्हणजे बघूं." असें बघतां बघतां लग्न ठरतें. म्हणून संपाचा प्रश्न तुमच्या-माझ्या उंबरठ्याच्या आंतला आहे.

आतां दुसरी बाजू. ही गाडी चालवितो कोण? दोघां भावांच्या वाटणींत जमीन पुरेना, म्हणून ज्यानें खाकी कपडे चढविले, तो तुमचाच धाकटा भाऊ. २०२१ सालीं नव्यानें लागलेल्या एस. टी. कामगाराचें मूळ वेतन होतें दरमहा १२,०८० रुपये. भत्ते धरून १७,३९५ रुपये. एवढ्यांत तालुक्याच्या गांवीं खोलीचें भाडें, पोरांची फी, म्हाताऱ्या आईबापांचें औषध. त्यांत सांथीच्या दिवसांत गाड्या उभ्या राहिल्या आणि पगारहि वेळेवर होईना. सावकार, पतपेढी, सोसायटी, सगळीकडे हात पसरून झाले. कित्येक कामगारांनीं त्या सालांत जीव दिला. शेतकऱ्याच्या घरांत गळफास म्हणजे काय, हें आपल्याला दुसऱ्यानें सांगायला नको. तोच फास एस. टी. च्या आगारांत शिरला होता.

"मग नोकरी सोडावी, दुसरी बघावी," असें कोणी म्हणेल. एकट्या माणसाला एवढाच मार्ग असतो. पण हजारों माणसें एकदम एका सुरांत सांगतील कीं "अशा पगारांत आम्ही काम करणार नाहीं," तर मालकाला बसून बोलावें लागतें. त्या एका सुरालाच संघ म्हणतात, युनियन म्हणतात.

हा संघाचा विचार परदेशांतून गलबतांत भरून आलेला नाहीं. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईंत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्या वेळीं गिरणींत आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनीं फॅक्टरी कमिशनपुढें ठेवला. पुढें सहा वर्षें अर्ज आणि सभा चालूच राहिल्या. १८९० च्या एप्रिल महिन्यांत मुंबईंत दहा हजार कामगारांची सभा भरली. तींत दोन बायकाहि उभ्या राहून बोलल्या. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. ध्यानांत घ्या, ही सुटी गिरण्या महिनोन् महिने बंद पाडून मिळविलेली नाहीं. दहा हजार माणसें एका शब्दावर उभीं राहतात, एवढें मालकांना दिसलें, तेवढ्यानें काम झालें. ज्याची एकी पक्की असते, त्याला संप क्वचितच करावा लागतो.

कायद्याचीहि एक गोष्ट आहे. १९१८ सालीं मद्रासेंत बी. पी. वाडिया यांनीं कामगारांचा संघ काढला. बकिंगहॅम गिरणीच्या मालकांनीं हायकोर्टांत जाऊन त्यांच्यावर मनाई-हुकूम आणला. कामगाराला एकत्र आणणें हाच जणूं अपराध! तेव्हां ना. म. जोशी यांनीं कायदेमंडळांत हा प्रश्न लावून धरला, आणि १९२६ सालीं ट्रेड युनियनचा कायदा झाला. सात माणसांना एकत्र येऊन संघ नोंदवितां येऊं लागला. त्या कायद्यानें हक्क दिला तसें एक बंधनहि घातलें: संघानें दरसाल आपल्या जमाखर्चाचा हिशेब सरकारदप्तरीं दाखल करावा. हें बंधन पुढाऱ्याला जाचक वाटतें, पण तेंच सभासदाचें खरें संरक्षण आहे.

आतां संप आणि संघ यांचें नातें काय तें सांगतों. आपल्या घरीं कोयता असतो. कोयता ऊंस तोडतो, आणि नीट धरला नाहीं तर बोटहि तोडतो. म्हणून कोयत्याला मूठ लागते. संप हा कोयता आहे, आणि युनियन ही त्याची मूठ आहे. कोठें वार करावयाचा, किती जोरानें करावयाचा आणि हात कधीं आवरावयाचा, हें मुठीमुळें साधतें. मूठ तुटली तरी पातें राहतेंच. पण मग तें धरणाराचाच हात कापतें.

हें मी हवेंत बोलत नाहीं. २०२१-२२ चा संप घ्या. एस. टी. च्या कामगारांत तेव्हां वीसांहून अधिक संघटना होत्या. त्यांच्या कृति समितीनें ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस उपोषण आरंभिलें. सरकारनें महागाई भत्ता २८ टक्के करण्याचें मान्य केलें, आणि समितीनें उपोषण मागें घेतलें. पण आगारांतला कामगार ऐकेना. "आमच्या नांवानें तडजोड करणारे हे कोण?" असें म्हणून एकामागून एक आगार बंद पडत गेलें, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेक सारी एस. टी. थांबली. मागणी एकच: महामंडळ सरकारांत विलीन करा, आम्हांला सरकारी नोकर करा. आंध्र प्रदेशांत १ जानेवारी २०२० पासून तेथील एस. टी. चे कामगार सरकारी नोकर झाले होते. दुसऱ्याच्या शेतांत पाणी आलें, मग आमच्या कां नाहीं, असें कामगारांना वाटलें तर तें अगदीं साहजिक होतें.

२४ नोव्हेंबर २०२१ रोजीं सरकारनें मूळ वेतनांत वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना पांच हजार, दहा ते वीस वर्षें झालेल्यांना चार हजार, वीस वर्षांवरील लोकांना अडीच हजार. नव्या कामगाराचें १७,३९५ रुपयांचें एकूण वेतन २४,५९४ झालें. शिवाय दरमहा दहा तारखेच्या आंत पगार देण्याचें वचन दिलें. ही वाढ लहान नव्हती. पुढारीपण करणारे कांहीं जण दुसऱ्याच दिवशीं बाजूला झाले. डिसेंबरांत संपाची नोटीस देणाऱ्या संघटनेनेंहि माघार घेतली. तरी संप चालूच राहिला, कारण "आतां पुरे" असें ज्याच्या तोंडून कामगार ऐकेल, असा माणूसच उरला नव्हता. जुन्या संघटनांवरचा विश्वास उडालेला, आणि नव्या पुढाऱ्यांनीं तर सांगितलेलें कीं विलीनीकरण आतां हाताशीं आलें.

पुढें काय झालें? हजारों लोक निलंबित झाले, कित्येक बडतर्फ झाले. कोर्टाच्या हुकुमानें नेमलेल्या समितीनें विलीनीकरण शक्य नाहीं असा अहवाल दिला. ७ एप्रिल २०२२ रोजीं मुंबईच्या हायकोर्टानें सांगितलें कीं २२ एप्रिलपर्यंत कामावर या, येणाऱ्याला काढूं नये. दुसऱ्या दिवशीं एक जमाव मुंबईंत एका वृद्ध पुढाऱ्याच्या घरावर चालून गेला. शंभराहून अधिक लोकांना अटक झाली, आणि संपाविषयीं लोकांच्या मनांत उरलेली सहानुभूतीहि त्या दिवशीं बरीचशी आटली. मग कामगार परतले. साडेपांच महिने घरांत पगार नाहीं, आणि विलीनीकरणहि नाहीं. नोव्हेंबरांत जें मिळालें होतें त्याहून पगाराचें फारसें कांहीं एप्रिलांत अधिक मिळालें नाहीं.

त्याच साडेपांच महिन्यांत आपल्या बाजूला काय घडलें? सांथीमुळें बंद असलेल्या खेड्यांतील पांचवीपासूनच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला कोठें उघडल्या होत्या. महिना झाला नाहीं तों गाड्या थांबल्या. मार्च २०२२ मधल्या दहावी-बारावीच्या परीक्षा संप चालू असतांनाच झाल्या. वडापवाल्यांनीं मनास येईल तें भाडें घेतलें. ज्याच्या खिशांत पैसे होते तो गेला. ज्याच्या नव्हते तो चालला, नाहींतर घरीं बसला.

आतां याच कामगारांचा दुसरा संप पाहा. ३ सप्टेंबर २०२४ रोजीं, गणपतीच्या तोंडावर, संघटनांच्या कृति समितीनें संप पुकारला. ४ तारखेला मुख्यमंत्र्यांशीं बोलणें होऊन तो मिटला. ठरलें असें कीं १ एप्रिल २०२० पासून मूळ वेतनांत सरसकट साडेसहा हजारांची वाढ. ज्यांना पूर्वीं पांच हजार मिळाले होते त्यांना आणखी दीड हजार. चार हजारवाल्यांना अडीच हजार. आणि अडीच हजारांवर ज्यांची बोळवण झाली होती त्या जुन्या नोकरांना चार हजार. नव्या-जुन्यांत पडलेली दरी दोन दिवसांत बुजली. निवडणुका जवळ होत्या, हें खरें. तापल्या तव्यावर भाकरी लवकर भाजते. पण भाकरी थापणारे हात एका जागीं होते, मागणी हातांत मावेल एवढी होती, आणि मिळाल्यावर "झालें, कामावर चला" म्हणणारा कोणी तरी होता. कामगार तेच, गाड्या त्याच. फरक मुठीचा.

कोणी म्हणेल, पुढारी एक असले म्हणजे संप जिंकलाच. तसेंहि नाहीं. तेलंगणांत ५ ऑक्टोबर २०१९ पासून ५२ दिवस संप झाला. सुमारें अठ्ठेचाळीस हजार कामगार, संघटनांची एकी भक्कम. पण तेथील मुख्यमंत्र्यांनीं "यांनीं आपली नोकरी आपणच सोडली" असें जाहीर केलें, आणि विलीनीकरणाची मागणी मान्य न होतांच लोकांना परतावें लागलें. पुढें तर युनियनच नको असा पवित्रा सरकारनें घेतला. तेव्हां एकी असावी, आणि एकीला अंदाजहि असावा. संकटाच्या सालीं आपण बियाणें किती पेरावें आणि किती राखून ठेवावें याचा विचार करतों. संपवाल्यानेंहि तो केला पाहिजे.

आतां या सर्व गोष्टींचें सार सांगतों. गिरणीचा संप आणि गाडीचा संप यांत एक मोठा भेद आहे. गिरणी बंद पडली तर मालकाचा नफा बुडतो. घाव ज्याच्यावर घालावयाचा त्याच्यावरच पडतो. एस. टी. बंद पडली तर मंत्र्याची मोटार थांबत नाहीं. तुमची-आमची वाट थांबते. घाव मालकावर उगारलेला आणि पडतो तिसऱ्याच्याच पाठीवर. आणि तो तिसरा कोण? संपवाल्याचा बाप, त्याची बहीण, त्याची भाची. सरकारला हें पक्कें ठाऊक असतें. तें स्वस्थ बसून वाट पाहतें, कीं गांव आणि कामगार एकमेकांच्या उरावर केव्हां बसतात. गांव एकदां कामगाराला शिव्या देऊं लागलें, कीं सरकारला कांहीं देण्याची गरजच उरत नाहीं. दोन गरिबांच्या भांडणांत तिसऱ्याची पोळी भाजते ती अशी.

म्हणून माझें सांगणें असें कीं गाडीचा संप हा गांवाला बरोबर घेतल्याशिवाय जिंकतां येत नाहीं, आणि जिंकूं नये. जपानांत ओकायामा गांवच्या बस ड्रायव्हरांनीं २०१८ सालीं काय केलें? गाड्या चालू ठेवल्या, आणि भाडें घेण्याचें नाकारलें. उतारू आपल्या जागीं पोंचले, आणि तोटा झाला तो कंपनीला. आपल्याकडे असें केलें तर कंडक्टरवर तिकिटाच्या पैशाचा ठपका येऊन नोकरी जाईल, हें मला कळतें. त्याची नक्कल करा असें मी म्हणत नाहीं. त्यांतली बुद्धि घ्या. घाव कोणावर पडतो, याचा विचार त्यांनीं आधीं केला.

युनियनच्या लोकांना, आणि त्यांच्यांत आपल्या गांवचीं पोरें आहेत, माझें तीन गोष्टींचें सांगणें आहे. एक, संपापूर्वीं गांवांत या. कायद्याची नोटीस सरकारला देतां, तशी तोंडी नोटीस गांवाला द्या. ग्रामसभेंत उभे राहून सांगा कीं आमचा पगार एवढा, मागणी एवढी, अमुक तारखेपासून गाडी बंद. शाळेची मुलें, आजारी माणूस, परीक्षेचा दिवस यांची सोय काय करतां, तेंहि सांगा. दोन, वीस झेंडे नकोत. एका आगारांत एका भिंतीवर पांच फलक आणि पांचांचीं पांच तोंडें, अशानें मालकाला झोंप चांगली लागते. तीन, पुढारी बाहेरचा असो वा आंतला, वर्गणीचा हिशेब मागा, तडजोडीचा कागद वाचून घ्या, आणि संप सुरू करण्याचें मत घेतां तसें तो थांबविण्याचेंहि मत घ्या. खिशाला फटका बसत नाहीं असा पुढारी "शेवटपर्यंत लढा" असें म्हणूं लागला, तर त्याला विचारा, "शेवट कोणाचा?"

युनियनचें खरें काम संपाच्या दिवशीं नसतें, हेंहि त्यांनीं विसरूं नये. कंडक्टरच्या पिशवींत हिशेबाला पैसे कमी भरले तर चौकशींत त्याच्या शेजारीं उभें राहणें, मुक्कामाच्या गाडीच्या ड्रायव्हराला रात्रीं पाठ टेकायला धड जागा मिळवून देणें, डबल ड्यूटीचा मोबदला बुडूं न देणें, फंडाचे पैसे भरले जातात कीं नाहीं तें पाहणें, हें रोजचें काम जी युनियन करते, तिचा शब्द कामगार संपाच्या दिवशीं मानतो. २०२१ सालीं शब्द मानला गेला नाहीं, याचें मूळ मागल्या कित्येक सालांत शोधावें लागेल.

सरकारलाहि एक सवाल आहे. सवलती सरकार जाहीर करतें. २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धें तिकीट झालें. चांगलें झालें, आमच्या घरांतल्याच बायका त्यानें बाहेर पडल्या. पण सवलतीचे पैसे महामंडळाला वेळेवर पोंचले पाहिजेत. वर्षानुवर्षें तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर घ्यावयाचा, तोट्याच्या खेड्यांवर गाडी पाठवायला लावायचें, आणि मग महामंडळ तोट्यांत म्हणून कामगाराचा पगार अडकवायचा, हा कोणता हिशेब? खेड्यावर जाणारी गाडी तोट्यांतच जाणार. शाळाहि तोट्यांतच चालते. म्हणून शाळा बंद करावी काय?

आतां राहिलों आपण. फाट्यावरच्या शिव्यांनीं कांहीं होत नाहीं. आपल्या गांवाला किती फेऱ्या मंजूर आहेत, किती येतात, किती रद्द होतात, याची एक वही ठेवा. वरच्या वर्गांतलीं मुलें ती आनंदानें लिहितील. पुढच्या ग्रामसभेला आगारप्रमुखाला बोलवा आणि कामगारांच्या प्रतिनिधीलाहि बोलवा. दोघांना एकाच सतरंजीवर बसवा आणि दोघांना विचारा. संप झालाच तर कामगाराच्या गाडीवर दगड टाकूं नका, आणि कोणी टाकीत असेल तर त्याचा हात धरा. फुटलेल्या कांचेचे पैसे शेवटीं आपल्याच तिकिटांतून जातात. आणि संप न्यायाचा आहे असें समजून उमजून वाटलें, तर ग्रामसभेचा ठराव करून मंत्र्याला पाठवा कीं कामगारांशीं बसून बोला, आम्ही त्यांच्या पाठीशीं आहोंत. एका गांवाचा ठराव टोपलींत जाईल. तालुक्याच्या साऱ्या गांवांचे आले, तर टोपली पुरणार नाहीं.

शेवटीं एवढेंच. कांद्याचा भाव पडला म्हणजे आपण ट्रॅक्टर रस्त्यावर आडवे लावतों. त्या दिवशीं अडकून पडलेल्या गाडींतला कंडक्टर आपल्याला शिव्या देतो, आणि संपाच्या दिवशीं आपण त्याला देतों. दोघेहि एका आळींतले, एका भाकरीचे. या शिव्यांची फिट्टंफाट आज करून टाकूं या. त्याच्या मागणीचा कागद आपण वाचूं या, आपल्या मागणीचा कागद त्याच्या हातांत देऊं या. मग पाहूं, दोघांनाहि वाट पाहायला लावणाऱ्यांची झोंप किती दिवस टिकते तें.